मार्कोव्हनिकॉव्ह आणि माझी केटी

सेकंड इयर केमिकलला ऑरगॅनिकमध्ये मला केटी लागली. आमच्या विंगमध्ये ही काही बातमी नव्हे. पण घरी मी सांगितलं नव्हतं. आई फोनवर विचारायची, "रिझल्ट लागला का रे?" आणि मी म्हणायचो, "लागेल या आठवड्यात." असे तीन आठवडे गेले.

खरं तर ऑरगॅनिक आपल्याला येतं असा माझा ठाम समज होता. मार्कोव्हनिकॉव्हचा नियम बारावीपासून तोंडपाठ. दुहेरी बंधाच्या ज्या कार्बनवर हायड्रोजन जास्त, त्यालाच नवा हायड्रोजन. थोडक्यात, ज्याचं पोट भरलंय त्यालाच वाढायचं! प्रोपीन आणि एचबीआर दिलं की डोळे मिटून २-ब्रोमोप्रोपेन लिहायचं.

पेपरात आलं ३-मिथाइल-१-ब्यूटीन आणि एचसीएल. मी नियम लावला, क्लोरीन दुसऱ्या कार्बनवर बसवला आणि पुढे गेलो. असल्याच प्रश्नांनी घात केला.

शेवटी रूम पार्टनरला शरण गेलो. हा डिप्लोमा करून आलेला. रात्री मेसवरून आल्यावर त्याने जर्नलचं कोरं पान ओढलं. म्हणाला, "हायड्रोजन कुठं जातो ते नंतर बघ. तो गेल्यावर मागं काय उरतं, ते आधी बघ."

मागे उरतो कार्बोकॅटायन, म्हणजे धन प्रभार घेऊन उभा असलेला कार्बन. प्रोपीनच्या टोकाच्या कार्बनला हायड्रोजन मिळाला, तर प्रभार मधल्या कार्बनवर येतो. त्याच्या दोन्ही बाजूंना मिथाइल. ते आपले इलेक्ट्रॉन थोडे त्याच्याकडे झुकवतात आणि ओझं वाटून घेतात. प्रभार टोकाला आला असता तर आधाराला शेजारी एकच. म्हणून टर्शरी सर्वांत स्थिर, मग सेकंडरी, प्रायमरी बिचारा शेवटी.

माझ्या प्रश्नात प्रभार दुसऱ्या कार्बनवर येतो. तो सेकंडरी. पण शेजारच्या तिसऱ्या कार्बनवरचा हायड्रोजन आपले दोन्ही इलेक्ट्रॉन घेऊन इकडे सरकला, की प्रभार तिकडे जातो आणि टर्शरी होतो! क्लोरीन मग तिथे बसतो. म्हणून माझं उत्पादन मिळतं खरं, पण सोबत २-क्लोरो-२-मिथाइलब्यूटेनही मिळतं, आणि तेच जास्त.

मार्कोव्हनिकॉव्ह यांनी हा नियम १८७० मध्ये छापला. इलेक्ट्रॉनचा शोध १८९७ चा. म्हणजे त्यांना 'काय होतं' ते दिसलं होतं. 'का' हे पुढच्यांनी शोधलं. माझ्याकडे 'का' आयता पुस्तकात होता. मी सुरुवात आणि शेवट पाठ केला आणि मधली पायरी गाळली.

दुसऱ्या दिवशी घरी फोन केला. नेमके बाबांनी उचलला. सगळं सांगून टाकलं. ते जरा वेळ गप्प राहिले. मग विचारलं, "कुठं अडलं ते कळलं का पण?"

"हो बाबा. मधेच."

"मग बस आता अभ्यासाला. आईला मी सांगतो."

केटी पुढच्याच परीक्षेत सुटली. मार्क मात्र विचारू नका!