पऱ्हाटीवरचे पेले

मोहरीचा दाणा तुम्ही पाहिलाय ना? त्याहूनही लहान पेले आमच्या धावड्याला मिळतात, आणि तेही फुकट! फक्त गुडघे चिखलात टेकवायची तयारी हवी.

धावडा म्हणजे जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातलं, अजिंठ्याच्या डोंगराजवळचं गाव. कापूस वेचून झाला की शेतात उरते ती पऱ्हाटी. थोडी चुलीत जाते, बाकीचा ढीग बांधावर पडून राहतो. श्रावणसरींत भिजलेल्या ढिगातली जुनी काडी घ्या आणि भिंगातून निरखा. (आधी काठीने उलटवा हं, खाली विंचू असतो!) सालीवर पांढरे, जेमतेम मिलिमीटरभर पेले दिसतील. काहींना इवलासा देठ आणि बाहेरून मऊ लव. ही चक्क बुरशी आहे! लॅक्नम नावाच्या वंशातल्या बुरशा अशाच दिसतात. ग्रीक भाषेतल्या लोकरीच्या शब्दावरून हे नाव पडलंय. कोणती जात, हे ठरवायला त्यांचे हे केसच सूक्ष्मदर्शकाखाली तपासावे लागतात. ऊन पडलं की पेले आक्रसतात, नुसते चुन्याचे ठिपके वाटतात. पाणी शिंपडा, हळूहळू पुन्हा उघडतील.

पेल्याच्या आत सूक्ष्म नळ्या दाटीवाटीने उभ्या असतात. एकेका नळीत बहुधा आठ बीजाणू. नळी पाण्याने टम्म फुगते, तिचं तोंड उघडतं आणि पिचकारीसारखे बीजाणू बाहेर! पण एवढ्या हलक्या कणाला हवाही मधासारखी दाट वाटते, तो लगेच अडतो. मग दूर कसं जायचं? याच आकाराच्या स्क्लेरोटिनिया या बुरशीवर २०१० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात उत्तर सापडलं. हजारो नळ्या जवळजवळ एकाच वेळी उडतात आणि त्यांच्या झोताने वाराच तयार होतो! ही स्क्लेरोटिनिया मात्र हरभऱ्याचं खोड कुजवते, तिचं कौतुक शेतकऱ्यापुढे करू नका.

लॅक्नमचं तसं नाही. ती मेलेल्या काडीवर जगते. पाचक रस बाहेर सोडून काडी विरघळवते आणि तो रस शोषून घेते. अशा असंख्य बुरशांमुळेच काडीची माती होते.

आमचे काका मात्र उन्हाळ्यात पऱ्हाटी पेटवायचे. "ठेवली तर गुलाबी बोंडअळीला घर मिळतं," ते म्हणत. हे खरंच आहे. पण पेटवली की काडीतला बहुतेक नत्र धुरातून जातो, मातीला उरते ती राख. तुकडे करून शेणाबरोबर खड्ड्यात नीट कुजवली, तर खड्ड्याच्या उष्णतेने अळी मरते आणि खतही मिळतं. तुकडे करायला यंत्र लागतं, त्याला पैसे पडतात. काकांची खरी अडचण तीच.

यंदा त्यांनी निम्मी पऱ्हाटी खड्ड्यासाठी राखलीय. उरलेल्या निम्मीसाठी आमची बोलणी चालू आहेत!