आधी आपली दुपार बघा

मृग लागायच्या सुमारास जालन्याच्या मोंढ्यात बियाण्याच्या दुकानांपुढे गर्दी होते. 1964 साली महिको ही बियाण्याची कंपनी याच गावात सुरू झाली, तेव्हापासून बियाण्याचा धंदा गावाच्या अंगात मुरत गेला. पिशवीवरचं टपोरं बोंड पाहून जाणता शेतकरी भुलत नाही. आपलं रान काळं की मुरमाड, विहिरीला पाणी किती, हे तो आधी पाहतो. क्रॉस स्टिचचं किट घेतानाही मला हीच रीत खरी वाटते. डब्यावरचं चित्र नंतर. आधी आपले डोळे, आपला हात आणि आपली दुपार.

आमच्याकडे हा फुलीचा टाका जुनाच आहे. मॅटीच्या कापडावर अँकरच्या दोऱ्याच्या लड्यांनी भरलेले पोपट, हत्ती आणि कमळं रुखवतात मांडलेली पुष्कळांनी पाहिली असतील. तेव्हा किट कुठलं? शेजारणीकडून नमुना मागून आणायचा, चौकटीच्या वहीत उतरवायचा आणि घरं मोजत बसायचं. सीमेपलीकडे धारवाडकडच्या कसूतीतही कापडावर नक्षी छापत नाहीत, धागे मोजूनच काम चालतं. तिच्यातला मेंथी टाका म्हणजे फुलीच.

आता दुकानात मुख्यतः दोन तऱ्हा दिसतात. एकीत चित्र कापडावरच छापलेलं असतं. रंग पाहून फुल्या भरत जायच्या, काम झालं की बहुतेकदा छपाई धुण्यात निघून जाते. नजर अधू झालेल्या आजीला किंवा लहान मुलीला ते सोयीचं आहे. दुसरीत कापड कोरं आणि नमुना कागदावर, खुणांनी मांडलेला. मी हे मोजणीचं किट निवडते. कापडाची दुहेरी घडी घालून मध्य काढायचा, तिथून पहिली फुली, मग हळूहळू कोऱ्या पांढऱ्यातून पाकळी वर येते. तो आनंद छापील कापड देत नाही. एकच पथ्य: प्रत्येक फुलीचा वरचा टाका एकाच दिशेला हवा, नाहीतर उजेडात काम विस्कटलेलं दिसतं.

खरी पारख कापडाच्या आकड्यात आहे. आयडा कापडावर 11, 14, 16, 18 असे आकडे असतात, म्हणजे एका इंचात तेवढी घरं. 140 बाय 112 घरांचं चित्र 14 च्या कापडावर 10 बाय 8 इंच होतं. तेच 18 वर लांबीला सुमारे पावणेआठ इंच होतं. फुल्या मात्र दोन्हीकडे 15,680 च! छोटं दिसतं म्हणून लवकर होईल, असं मुळीच नाही. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात घामेजल्या हातांनी, वीज गेलेल्या दुपारी, 18 चं कापड डोळ्यांचा छळ करतं. 14 चं कापड, सहा पदरी लडीतले दोन पदर आणि बोथट टोकाची सुई, एवढं जुळलं की हात रमतो.

चित्रांबद्दल मात्र मन खट्टू होतं. किटांवर बर्फातली घरं आणि परदेशी फुलं फार. आणि इथे जालन्यापलीकडेच पैठण आहे. पैठणीच्या पदरावरचे मोर आणि काठावरच्या वेली ताण्याबाण्याच्या हिशेबानंच उमटतात, चौकटीच्या कागदावर ही नक्षी अगदी सहज उतरेल. तसं किट मिळालं तर मी बर्फाकडे वळूनही पाहणार नाही.

तोवर पहिलं किट मोजणीचं, 14 चं, लहान आणि थोड्या रंगांचं घ्या. आणि घरात आजीची किंवा मावशीची नमुन्यांची वही सापडली, तर ती रद्दीत घालू नका. मॅटी आणि लड्या तेवढ्या विकत आणा; दुसरं किट त्या वहीतूनच तयार होईल.