घाट ओलांडताना सोबत काय न्यावे?

गेल्या वर्षी मुलाला कराडच्या एका पॉलिटेक्निकमध्ये प्रवेश मिळाला आणि आमच्या घरात मोटारसायकलचा विषय निघाला. आम्ही चिपळूणचे. चिपळूण ते कराड सुमारे शंभर किलोमीटरचा रस्ता. शिरगाव, अलोरे, पोफळी, मग कुंभार्ली घाट. वर हेळवाक, कोयनानगर आणि पुढे पाटण, मल्हारपेठ करत कराड. दर पंधरा दिवसांनी शनिवारी घरी यायचे आणि तेही गाडीने, असा त्याचा हट्ट होता.

त्याच्या अम्मीचा साफ नकार होता. तिच्या माहेरच्या एका नातेवाइकाची गाडी एकदा रात्री घाटात बंद पडली होती. सोबत बायको आणि लहान मूल. गाडी ढकलत ढकलत ते लोक कसे खाली आले, ही हकीकत ती लहानपणापासून ऐकत आली आहे. म्हणून तिचा प्रश्न एकच होता, "घाटात गाडी बंद पडली तर हा करणार काय?"

"अम्मी, फोन आहे ना!" मुलगा म्हणाला.

"फोन पाना फिरवतो का?"

या प्रश्नावर तो गप्प बसला. घाटात काही वळणांवर मोबाइलला रेंज मिळते, काही वळणांवर मिळत नाही. मिळाली तरी मेस्त्री पोफळीहून वर यायचा किंवा हेळवाकहून खाली उतरायचा. तोवर मुलगा वळणावर उभा. तेव्हा सोबत काही अवजारे हवीत, यावर घरात एकमत झाले. मात्र कोणती, यावर पुढचे चार दिवस गेले.

मुलाने मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून एक यादी केली. तिच्यात सॉकेटची मोठी पेटी, हातोडी, चेन तोडायचे यंत्र, इंजिन ऑइलचा डबा, बॅटरीवर चालणारा पंप, सगळे काही होते. ते सामान घेतले असते तर कपड्यांना आणि अम्मीच्या डब्याला जागाच उरली नसती. मी ती यादी घेऊन आमच्या मोहल्ल्यातल्या मेस्त्रींकडे गेलो. गेली पंचवीस वर्षे ते याच धंद्यात आहेत. यादी वाचून ते हसले नाहीत. खडू घेतला आणि फरशीवर तीन रकाने आखले.

"सर, पहिल्या रकान्यात रस्त्यावर होणारी कामं. दुसऱ्यात गॅरेजशिवाय न होणारी. तिसऱ्यात घरून निघण्याआधीच करायची. आता सांगा, गाडी कशा कशानं बंद पडते?"

आम्ही एक एक कारण सांगत गेलो आणि ते लिहीत गेले. इंजिन जाम होणे, क्लच प्लेट जळणे, बेअरिंग फुटणे ही सगळी दुसऱ्या रकान्यात गेली. त्यांच्यासाठी पेटीभर पाने नेले तरी रस्त्यावर उपयोग शून्य. गाडी टेम्पोत घालायची आणि गॅरेज गाठायचे. नव्या गाड्यांच्या बाबतीत हा रकाना आणखी वाढला आहे. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 चे नियम लागू झाले आणि बहुतेक मोटारसायकलींमधून कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले. पूर्वी लोक रस्त्याच्या कडेला कार्बोरेटर खोलून, जेटमध्ये फुंकर मारून गाडी चालू करत. इंजेक्शनच्या गाडीत ती सोय नाही. मीटरवर इंजिनचा पिवळा दिवा लागला तर दोष शोधायला मेस्त्रीचे यंत्रच लागते. आमची गाडी जुनी, शंभर सीसीची, कार्बोरेटरवाली आणि तारांच्या चाकांची. त्यामुळे आमची यादी वेगळी झाली. आपल्या घरी नवी गाडी असेल तर ती याहून छोटी होईल.

सर्वांत लांब रकाना तिसरा निघाला, याचे मला नवल वाटले. क्लच वायर एका झटक्यात क्वचितच तुटते. आधी लिव्हरजवळ तिचे एक-दोन धागे सुटतात आणि क्लच जड लागू लागतो. चेन अचानक उतरत नाही. कित्येक आठवडे सैल होऊन वाजत असते. टायरची नक्षी झिजलेली डोळ्यांना दिसते. बॅटरीच्या टोकांवर पांढरी पूड साठते. ही सगळी कामे घरच्या अंगणात, दिवसाउजेडी आणि पंख्याखाली चहा पीत होण्यासारखी आहेत. ती टाळून त्यांच्यासाठी अवजारे वाहून नेणे म्हणजे आजाराला घरी ठेवून औषध गावभर फिरवणे.

म्हणून पहिला खर्च अवजारांवर झाला नाही. गाडीची सर्व्हिसिंग केली, मागचा टायर नवा टाकला, क्लच वायर बदलली. जुनी वायर अजून चालण्यासारखी होती. ती मेस्त्रींनी टाकून दिली नाही. तेल सोडून नव्या वायरीच्या शेजारून, त्याच वाटेने, इंजिनपासून हँडलपर्यंत नेऊन केबल टायने बांधून ठेवली. उद्या नवी तुटली तर टाकी हलवायची गरज नाही. दोन्ही टोके जागच्या जागी तयार आहेत, फक्त अडकवायची. या सोयीला पिशवीत तसूभर जागा लागली नाही.

मग पहिल्या रकान्याकडे वळलो. त्यासाठी मेस्त्रींनी सांगितलेली रीत मी कुठल्याच व्हिडिओत पाहिली नव्हती. म्हणाले, "घरातले सगळे पाने अंगणात मांडा. गाडीचा एक एक नट धरा आणि त्याला बसणारा पाना बाजूला काढा. शेवटी जे पाने एकाही नटाला लागले नाहीत, ते घरी राहतील."

एका रविवारी फजरनंतर बापलेक अंगणात बसलो. धाकटी आठवीत आहे. तीही वही घेऊन आली आणि कोणत्या नटाला कितीचा पाना, ते लिहू लागली. दोन तासांत वही भरली. बहुतेक जागी 8, 10, 12, 14 आणि 17 हेच आकडे येत होते. साध्या दुतोंडी पान्यांच्या तीन जोड्यांत हे सगळे बसले. मागच्या चाकाच्या ॲक्सलचा नट मात्र मोठा. त्याला लागणारा पाना गाडीसोबत आलेल्या किटमध्येच होता. ती किट साइड कव्हरच्या आत, रबरी पट्ट्याखाली, गाडी घेतल्यापासून तशीच होती. त्यातला प्लग पाना आणि स्क्रू ड्रायव्हरही ठीक निघाले. पक्कड तेवढी गंजली होती. नवी चांगली पक्कड घेतली. स्वस्तातल्या मऊ लोखंडाचा पाना नटाच्या कडा गोल करून टाकतो आणि मग तो नट मेस्त्रीलाही दाद देत नाही. त्यामुळे पाने मोजके घ्यावेत, पण चांगल्या पोलादाचे घ्यावेत.

खरा पेच पंक्चरचा होता. ट्यूबलेस टायरला काम सोपे असते. खिळा सापडला की अवजारे हाताशी येईपर्यंत तो उपटायचा नाही. मग उपटून रीमरने भोक साफ करायचे, सुईत चिकट पट्टी ओवून आत ढकलायची, उरलेली कापायची आणि हवा भरायची. चाक खोलावे लागत नाही. आमच्या गाडीला मात्र ट्यूब आहे. म्हणजे चाक काढा, टायरची एक कड लिव्हरने उचला, ट्यूब बाहेर ओढा. त्यासाठी ॲक्सलचा पाना, दोन टायर लिव्हर, पंप आणि एक नवी ट्यूब इतके तरी हवे. घाटात बसून ठिगळ लावण्यापेक्षा ट्यूब बदलणे बरे. पंक्चर झालेली ट्यूब खाली आल्यावर दुकानात दुरुस्त करून घेता येते. आमच्या गाडीची दोन्ही चाके 18 इंची आणि टायरही एकाच मापाचे, त्यामुळे एक ट्यूब दोहोंना चालते. आपल्या गाडीचे माप टायरच्या बाजूवर छापलेले असते. ट्यूब घेताना ते वाचून जावे.

हे सगळे सामान घ्यावे की नाही, यावर मुलाची आणि माझी चर्चा बरीच लांबली. मेस्त्रींचे म्हणणे होते, "सर, पाना विकत मिळतो, हात नाही. चाक काढता येत नसेल तर लिव्हर घरीच ठेवा."

म्हणून ठरवले की जे काम मुलाने अंगणात तीनदा केले असेल, त्याचेच अवजार सोबत जाईल. पहिल्या दिवशी मागचे चाक काढून ट्यूब बदलून परत बसवायला त्याला दीड तास लागला. हात काळे, कपाळावर घाम, आणि लिव्हरच्या टोकाने नव्या ट्यूबला चिमटा बसून ती फुटलेली. अशा वेळी ट्यूबमध्ये आधी थोडी हवा भरून तिला आकार द्यायचा आणि मगच ती टायरमध्ये घालायची, हे मेस्त्रींनी दाखवले. त्याआधी टायरच्या आतून सावकाश हात फिरवायचा. खिळा तिथेच राहिला असेल तर नवी ट्यूबही जाणार. दुसऱ्या खेपेला तासभर, तिसऱ्या खेपेला चाळीस मिनिटे. अम्मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होती. तिसऱ्या खेपेला तिने स्वतः चाक हलवून पाहिले, नट घट्ट आहे का ते विचारले आणि आत गेली. तिच्या होकाराची सुरुवात तिथे झाली, असे मी समजतो.

शेवटी सोबत जायचे सामान असे ठरले: दुतोंडी पाने तीन, ॲक्सलचा पाना, प्लग पाना, दोन्ही बाजूंनी चालणारा स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, टायर लिव्हर दोन, पायपंप, ट्यूब एक, प्लग एक, त्याच अँपिअरचे फ्यूज दोन, चेन लॉक एक, थोडी बारीक तार, काळी टेप, केबल टाय, पॉलिश पेपरचा तुकडा, छोटी टॉर्च आणि जुन्या बनियनचा फडका. फ्यूजच्या जागी तार गुंडाळायची नाही, हे मुलाला बजावले. फ्यूज वाचवायच्या नादात सगळी वायरिंग जळते. चेन लॉक बसवताना त्याच्या क्लिपचे बंद तोंड चेन ज्या दिशेने फिरते तिकडे असावे, हेही करून घेतले. प्लग भिजला तर काढून पुसायचा, पॉलिश पेपरने हलकेच घासायचा. सॉकेटची पेटी, हातोडी आणि ऑइलचा डबा घरी राहिला.

जुन्या जीन्सच्या कापडाची, कप्पे पाडलेली एक गुंडाळी अम्मीने शिवून दिली. प्रत्येक पान्याला त्याचा कप्पा, म्हणजे एखादा हरवला तर रिकामी जागा लगेच दिसते. ही गुंडाळी सीटच्या मागे कॅरिअरला घट्ट बांधायची. पाठीवरच्या सॅकमध्ये लोखंड ठेवायचे नाही; माणूस पडला तर तेच पाठीच्या कण्यात रुतते.

अवजारांच्या पलीकडच्या अटी अम्मीने घातल्या. घाट मगरिबच्या आत ओलांडायचा. जून ते सप्टेंबर गाडी घरी, तेव्हा एसटी. हेल्मेटशिवाय फाटकाबाहेर पडायचे नाही. गाडी बंद पडली तर वळणावर थांबायचे नाही. ढकलत मोकळ्या सरळ जागी न्यायची, डोंगराच्या बाजूला, आणि मगच गुंडाळी सोडायची. अपघात दिसला तर आधी 108 किंवा 112. या सगळ्या अटी मला पटल्या, कारण त्यांचे काम कोणताच पाना करू शकत नाही.

हिवाळ्यातल्या एका शनिवारी मुलगा ठरल्या वेळेपेक्षा तासभर उशिरा आला. हात कोपरापर्यंत ग्रीसने माखलेले. पाटणच्या पुढे एक वयस्क गृहस्थ गाडी घेऊन उभे होते. त्यांची चेन उतरली होती. गाड्या भराभर निघून जात होत्या. मुलाने इंजिन बंद असल्याची खात्री केली, बोटे दातऱ्यांपासून लांब ठेवून पक्कडीने चेन धरली आणि चाक हळूहळू हाताने फिरवत ती जागेवर बसवली. चेन सैल होती. पण त्यांच्या गाडीचा ॲक्सल नट वेगळ्या मापाचा निघाला, आमचा पाना त्याला बसेना. म्हणून तो पुढच्या गावापर्यंत त्यांच्या मागे मागे सावकाश गेला आणि त्यांना गॅरेजपाशी सोडून निघाला.

कुणाला त्याच्या सवारीवर बसायला मदत करणे, त्याचे सामान वर चढवून देणे, रस्त्यातला त्रास दूर करणे हाही सदका आहे, असे हदीसमध्ये आले आहे. वर्गात हे मी अनेकदा सांगितले आहे. उंटाच्या आणि घोड्याच्या काळातली ती शिकवण त्या दिवशी आमच्या दारात ग्रीसने माखलेल्या हातांनी उभी होती. यादी करताना आम्ही फक्त आमच्याच गाडीचा विचार केला होता. त्यानंतर मुलाने गुंडाळीत मोठ्या नटांना चालणारा एक ॲडजस्टेबल पाना वाढवला. तो आमच्या गाडीला लागत नाही.

अम्मीने त्याचे हात उलटसुलट करून पाहिले, कुठे कापले नाही ना ते बघितले आणि साबण दिला.

आता दर खेपेला तो निघण्याआधी धाकटी वही घेऊन येते आणि गुंडाळीचे कप्पे मोजते. गेल्या महिन्यात प्लग पान्याचा कप्पा रिकामा निघाला. तो गॅरेजमध्ये राहिला होता. आपल्याही घरी गाडी असेल तर येत्या सुटीच्या दिवशी साइड कव्हर उघडून पाहावे. किट आहे का, तिच्यातला पाना नटाला बसतो का, आणि तो फिरवता येणारे घरात किती जण आहेत, एवढे तपासायला अर्धा तास पुरेल. मुलींनाही त्या वेळी सोबत बसवावे. आमची धाकटी आता विचारू लागली आहे की चाक काढायची तिची पाळी कधी. येत्या उन्हाळ्यात, इन्शाअल्लाह, असे मी तिला सांगितले आहे.