साप्पोरोतील गरम जेवण

थंडी म्हटली की तुम्हांला शाल, शेकोटी आणि वाफाळलेला चहा आठवत असेल. जपानच्या उत्तरेला होक्काइदो नावाचे बेट आहे. तेथील थंडी निराळीच! त्या बेटावरील साप्पोरो शहरात हिवाळाभर बर्फ पडतो आणि रस्त्याच्या कडेला त्याचे माणसाएवढे ढीग साचतात. १९७२ साली हिवाळी ऑलिंपिक सामने याच शहरात भरले होते.

मी तेथे गेलो तो महिना फेब्रुवारीचा होता. भर दुपारीही पारा शून्याच्या खाली होता. हातमोज्यांत बोटे बधिर झाली होती आणि पोटात कावळे ओरडत होते. साप्पोरोचे मिसो रामेन प्रसिद्ध आहे. मिसो म्हणजे सोयाबीन आंबवून केलेला खारट लगदा आणि रामेन म्हणजे गव्हाच्या लांब शेवया. पण त्यांचा रस्सा बहुधा डुकराच्या हाडांचा असतो. तो मला चालणारा नव्हता. दोन दुकानांतून मी तसाच परतलो. उपाशी माणसाला दुसऱ्याच्या वाडग्यातील वाफ किती छळते, ते काय सांगू!

तिसऱ्या दुकानाच्या दारावर निळा पडदा होता. अशा पडद्याला 'नोरेन' म्हणतात. तो टांगलेला असला की दुकान उघडे आहे असे समजावे. आत एक आजीबाई होत्या. त्यांनी आधी हात पुसायला गरम ओला रुमाल दिला. मी जपानी भाषेत लिहून घेतलेली चिठ्ठी पुढे केली : 'डुकराचे मांस नको, दारू नको.' मग उदोन नावाच्या जाड शेवयांच्या चित्रावर बोट ठेवले. आजीबाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि मान हलवली. आतून एक बाटली आणून त्यांनी मला दाखवली. ती मिरिनची होती. मिरिन हे तांदळाचे गोड मद्य. ते रश्शात घातलेले होते. त्या गप्प राहिल्या असत्या, तर मला कळलेही नसते.

थोड्या वेळाने त्यांनी माझ्यासमोर मातीचे भांडे ठेवले. गरम पाण्यात कोम्बू नावाच्या समुद्री वनस्पतीचा तुकडा होता आणि तोफूच्या पांढऱ्याशुभ्र वड्या होत्या. तोफू म्हणजे सोयाबीनच्या दुधाचे पनीरच म्हणा ना! सोबत वाफाळता भात, मीठ आणि किसलेले आले. बस्स, एवढेच. पण त्या साध्या पाण्याला काय चव होती! याच कोम्बूच्या पाण्यातील चवीचा शोध प्राध्यापक किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली लावला आणि तिला 'उमामी' हे नाव दिले. आपल्याकडच्या मसालेदार रश्शापुढे ती चव अगदी सौम्य वाटते. तरी तिसऱ्या घोटाला माझे कान गरम झाले, आणि मी भाताचा दुसरा वाडगा मागितला.

निघताना आजीबाईंनी माझी चिठ्ठी मागून घेतली. पेन्सिलीने तिच्यात एक शब्द वाढवला आणि त्या बाटलीकडे बोट दाखवले. पुढचे चार दिवस ती चिठ्ठी मी प्रत्येक दुकानात दाखवत होतो.