रिसिव्हरची सोसण्याची ताकद

मोबाइलच्या चिपमधला रेडिओ रिसिव्हर आखण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. रिसिव्हर किती क्षीण सिग्नल पकडतो याचं लोकांना कौतुक. मी आधी बघतो तो किती दणका सोसतो.

चाकणच्या तळेगाव चौकात शिफ्ट सुटल्यावर कुणाचा तरी फोन लांबच्या टॉवरला धरून असतो आणि डोक्यावर दुसऱ्याच कंपनीचा टॉवर असतो. जीएसएमच्या मानकात ही परीक्षा आकड्यांत दिली आहे : हवा तो सिग्नल उणे ९९ डीबीएम आणि ३ मेगाहर्ट्झ अंतरावर नको असलेला, म्हणजे ब्लॉकर, उणे २३. म्हणजे सुमारे ४ कोटी पट जबर! दोन्ही ९३५ ते ९६० मेगाहर्ट्झच्या एकाच पट्ट्यात, त्यामुळे अँटेनाजवळचा फिल्टर त्याला अडवत नाही. चिपलाच तो झेलावा लागतो. सुरुवातीच्या एलएनएचा, म्हणजे लो-नॉइज अ‍ॅम्प्लिफायरचा, गेन वाढवला की पुढचा नॉइज झाकला जातो, पण ब्लॉकरही तितकाच फुगतो आणि पुढे फ्रिक्वेन्सी उतरवणारा मिक्सर गुदमरतो. जास्त करंट दिला तर दोन्ही सांभाळता येतं. मग बॅटरी लवकर उतरते.

सिग्नल थेट शून्य फ्रिक्वेन्सीवर उतरवण्याची रीत आली, बाहेरचे फिल्टर वाचले, फोन स्वस्त झाले. मला ही रीत फार आवडते, पण ती बारकाव्यात हिशेब मागते. मिक्सरला चालवणाऱ्या ऑसिलेटरची गळती अँटेनाकडे जाते, परतून मिक्सरमध्ये स्वतःशीच गुणली जाते आणि नेमकी शून्यावर, सिग्नलच्याच जागी, डीसी होऊन बसते. मिक्सरच्या दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असल्या तर गळती बरीच कमी होते, म्हणून लेआउट तपासताना मिक्सरच्या डाव्या-उजव्या तारा मी स्क्रीन भरेल इतक्या मोठ्या करून बघतो. एका बाजूला एक वळण जास्त दिसलं, तर सिम्युलेशन पास असलं तरी पोरांना पुन्हा आखायला लावतो.

चाकणहून नाशिक रस्त्यानं नारायणगावला गेलं की जवळच खोडदला गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानं उभी राहिलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. आम्ही जिवापाड जपतो तो मोबाइलचा सिग्नल तिथे उपद्रव ठरतो. त्यांच्या रिसिव्हरमध्ये तो कापणारे फिल्टर आहेत. नव्या पोरांना मी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान प्रदर्शनाला तिथे आवर्जून पाठवतो. आकाशगंगा मग बघा, म्हणतो, आधी तो फिल्टर कुठे बसवलाय, एलएनएच्या आधी की नंतर, ते विचारून या.