पाटीवर काय लिहायचं?

संक्रांतीच्या कार्यक्रमात तिळगूळ हातावर ठेवता ठेवता निदान पाचसहा जणांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला, "काय हो, दुकानाची ती जुनी पाटी का काढलीत? किती छान होती!" दर वेळी "मोठी गोष्ट आहे, सांगू कधीतरी" म्हणून आम्ही वेळ मारून नेली. संपादकांनी मात्र "मग लिहूनच द्या" म्हणून पकडलं. तेव्हा मंडळी, ही त्या पाटीची गोष्ट.

2022 साली आमच्या दोघांपैकी एकाची नोकरी गेली. वय पन्नाशीच्या पुढे, लेक कॉलेजात. पुन्हा रेझ्युमे घेऊन दारोदार फिरण्यापेक्षा जे येतं ते करू, असं ठरवलं आणि एडिसनपासून थोड्या अंतरावर एका लहानशा स्ट्रिप मॉलमध्ये वीस फूट रुंदीचा गाळा भाड्याने घेतला. त्यासाठी घरावर कर्ज काढलं. पोळी-भाजी, वरण-भात, थालीपीठ, साबुदाण्याची खिचडी आणि चहा, एवढाच पसारा. नाव मात्र एका क्षणात सुचलं: 'माजघर'. आजोळच्या वाड्यातलं ते अंधारं, गार माजघर आम्हा दोघांच्याही मनात घर करून बसलेलं. दुसरं नाव डोक्यातही आलं नाही.

पाटी निवडायला आम्ही जेमतेम एक संध्याकाळ दिली. ओट्याचा दगड निवडायला तीन आठवडे घालवले होते, बरं का! पांढऱ्या फळीवर केशरी रंगात, वळणदार इंग्रजी अक्षरांत 'माजघर', शेजारी एक समई, आणि खाली बारीक अक्षरांत 'ऑथेंटिक फ्लेवर्स'. उद्घाटनाला तुम्ही सगळे आलात, पाटीखाली उभं राहून फोटो काढलेत. आम्ही धन्य झालो.

शनिवार-रविवारी आपली माणसं येत राहिली. पण सोमवार ते शुक्रवार भर दुपारी दुकानात शुकशुकाट. समोर ऑफिसांच्या दोन इमारती, शेजारच्या पिझ्झावाल्याकडे जेवणाच्या वेळी रांग, आणि आमच्याकडे गरम पोळ्यांचा डबा तसाच. एकदा एक बाई आत आल्या आणि त्यांनी सुगंधी मेणबत्त्या कुठे आहेत ते विचारलं. समईचा परिणाम! एका तरुणाने योगाच्या वर्गाची वेळ विचारली. आम्ही हसलो, पण आठव्या महिन्यातही भाडं साठवणीच्या पैशातून जात होतं. रात्री हिशेबाची वही मिटल्यावर कोणी काही बोलायचं नाही.

डोळे उघडले ते त्या पिझ्झावाल्याने. एका दुपारी त्याने आम्हाला आपल्या गाडीत बसवलं, रस्त्याने एक चक्कर मारली आणि दुकानासमोरून जाताना म्हणाला, "वाचा." आमचंच दुकान, आमचंच नाव, पण वाचून होईपर्यंत गाडी पुढच्या सिग्नलला! दिसली ती नुसती पांढऱ्यावर केशरी रेघोट्यांची एक वेल.

मग घरी येऊन गणित मांडलं. ते आधी मांडायला हवं होतं. आमच्या रस्त्यावर वेगमर्यादा ताशी 40 मैल, म्हणजे गाडी सेकंदाला जवळजवळ 59 फूट जाते. पाटीवाल्यांचा एक साधा ठोकताळा असतो: सहज वाचता यायला दर 10 फूट अंतरामागे अक्षराची उंची एक इंच हवी. आमची अक्षरं आठ इंचांची, म्हणजे सहज वाचायचं तर 80 फुटांवरून. वाचायला वेळ दीड सेकंदाहून कमी, त्यात अक्षर वळणदार आणि शब्द अनोळखी. चालकाला तीन सेकंद द्यायचे तर पाटी 180 फुटांवरून वाचता यायला हवी, म्हणजेच अक्षरं 18 इंचांची हवीत.

आता खरी पंचाईत. भाडेकरारात लिहिलेलं की पाटी गाळ्याच्या रुंदीच्या 75 टक्क्यांहून मोठी नको. म्हणजे 15 फूट. 18 इंचांची ठसठशीत अक्षरं 15 फुटांत बसवायची तर बारा-तेरा मावतात. नाव लिहिलं तर काय विकतो ते मावत नाही, आणि काय विकतो ते लिहिलं तर नाव मावत नाही.

त्या आठवड्यात घरात जे वाद झाले ते आमच्या तीस वर्षांच्या संसारात झाले नव्हते. "नावच काढायचं तर दुकान कुणाचं?" "आणि दुकानच राहिलं नाही तर नाव कशावर लावणार?" त्यात लेकीने फोनवर सुचवलेले दोन शब्द, 'इंडियन लंच', ऐकून तर जिवावर आलं. इंडियन म्हटलं की लोक नान आणि बटर चिकन मागणार! आपलं थालीपीठ, आपली आमटी, सगळं त्या एका शब्दात बुडून जाणार. लेक शांतपणे म्हणाली, "आई-बाबा, तुमची पाटी फक्त ज्यांना आधीच माहीत आहे त्यांनाच कळते. आणि त्यांना पाटी लागतच नाही."

यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं.

2023 च्या वसंतात नवी पाटी लागली. जागामालकाची लेखी संमती, टाऊनशिपची परवानगी, दिव्यांची पाटी म्हणून विजेच्या कामाची वेगळी परवानगी, या सगळ्यात सहा आठवडे गेले. तपकिरी भिंतीवर पांढरी, ठसठशीत, सुटी अक्षरं, प्रत्येकाच्या पोटात एलईडीचे दिवे: 'इंडियन लंच'. बस्स. समई गेली, 'ऑथेंटिक फ्लेवर्स' गेले, आणि नावही वरून उतरलं.

ते नाव आम्ही दाराशेजारच्या काचेवर देवनागरीत लावलं: 'माजघर', आणि खाली 'पोळी-भाजी मिळेल'. त्याचीही एक गंमत. पाटीवाल्याने नमुना पाठवला त्यात 'मिळेल'मधली पहिली वेलांटी 'म'च्या पुढे जाऊन 'ळ'वर बसली होती. त्याच्या संगणकाला देवनागरी जुळवता येत नव्हती, आणि बिचाऱ्याला चूक दिसणार कशी? शेवटी आम्हीच घरी अक्षरं नीट जुळवून त्यांचं चित्र करून पाठवलं. तुमच्यापैकी कोणी देवनागरी पाटी करणार असाल तर मजकूर टाईप करून पाठवू नका, चित्रच पाठवा, आणि छापण्याआधी स्वतः वाचा. आणखी एक: वरच्या-खालच्या मात्रांना जागा लागते, म्हणून तेवढ्याच उंचीत देवनागरी अक्षर इंग्रजीपेक्षा लहान दिसतं. पट्टी थोडी मोठीच घ्या.

चमत्कार झाला नाही. पण समोरच्या ऑफिसांतली माणसं दुपारी रस्ता ओलांडू लागली. नान मागणारे मागतातच. त्यांना आम्ही पोळीचा गरम तुकडा तूप लावून देतो. बरेच जण तेवढ्यावर बसतात, काही निघून जातात. त्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत भाडं गल्ल्यातून निघू लागलं.

2024 साली पुण्याला गेलो तेव्हा रस्तोरस्ती नव्या मराठी पाट्या दिसल्या. 2022 मध्ये महाराष्ट्रात कायदा बदलून लहान दुकानांनाही देवनागरी पाटी सक्तीची झाली, मराठी अक्षरं इतर लिपीहून लहान नकोत असंही ठरलं, आणि सप्टेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. इथे उलट घडलं होतं. कॅलिफोर्नियातल्या पोमोना शहराने परकी लिपी असलेल्या पाटीची निम्मी जागा इंग्रजी अक्षरांना द्यायला लावली होती, तो नियम 1989 साली फेडरल कोर्टाने रद्द केला. म्हणजे मराठी लिहा असं इथे कोणी सांगत नाही, आणि लिहू नका असंही नाही. काय लिहायचं ते आमचं आम्हीच ठरवायचं. म्हणूनच ते इतकं जड गेलं.

पण आता नाव खाली आल्याचं वाईट वाटत नाही. वाड्यात तरी पाहुणा थेट माजघरात कुठे यायचा? आधी ओसरी, मग ओळख, मग माजघर. रस्त्यावरची ती मोठी पाटी आमची ओसरी आहे. परवा एक कोकणस्थ काका, लेकाकडे सहा महिन्यांसाठी आलेले, नातवाची गाडी ढकलत पार्किंगमधून चालले होते. वरच्या झगमगीत पाटीकडे त्यांचं लक्षही नव्हतं. काचेपाशी थबकले, मोठ्याने वाचलं, आणि दार ढकलून विचारलं, "पिठलं असतं का हो?"

असतं. गुरुवारी. तुम्हीही या. आणि दुकान काढणार असाल तर पाटी ठरवण्याआधी एखाद्या परक्या माणसाला गाडीत बसवून समोरून एक चक्कर मारा, आणि त्याला काय वाचता आलं ते विचारा.