धडगावच्या डोंगरातली खरखरीत अंडी



तळोद्याहून धडगावला जायचे म्हणजे चांदसैलीचा घाट चढावा लागतो. वैशाखात या वाटेने गेलात तर सातपुड्याचे डोंगर उघडेबोडके दिसतील. पण घरोघर, खडकांवर नि अंगणात कैरीच्या फोडी वाळत घातलेल्या दिसतील. त्यांचा आमचूर होतो. इथे घराला घर लागून नाही. एकेका टेकडीवर एकेक घर, कुडाच्या भिंती, दारात मोह नाहीतर आंबा आणि त्याखाली पाच-दहा गावठी कोंबड्या. या कोंबड्या म्हणजे घरातल्या बाईची पेटीच. बाजाराला जाताना चार अंडी दुरडीत घेतली की मीठमिरची नि पोरांची वही सुटते.

गेल्या वैशाखात अशाच एका पाड्यावर मी टेकलो होतो. म्हाताऱ्या आजीने तीन अंडी माझ्यापुढे ठेवली. एकावर चुना फासल्यासारखी पांढरी भुकटी, दुसऱ्याच्या टोकाला रव्यासारखे खरखरीत कण, आणि तिसऱ्याला कवचच नाही, नुसता मऊ पापुद्रा.

"साहेब, बाजारात असली अंडी कोणी हातात धरत नाही," आजी म्हणाली. "महिन्यापूर्वी घरात सून आली, तेव्हापासून हे असं."

सून दाराआड मान खाली घालून उभी होती. प्रश्न अंड्यांपुरता राहिला नव्हता, हे माझ्या ध्यानात आले.

पूर्वी मी लगेच "खाद्य कमी पडतंय" म्हणून मोकळा झालो असतो. बत्तीस वर्षांच्या नोकरीने एवढे शिकवले, की आधी विचारावे, मग बोलावे. म्हणून विचारले, "आजी, लग्नात मांडव कुठे होता?"

"इथंच, आंब्याखाली. दोन दिवस ढोल वाजला. खुराडं मागं उन्हात नेलं, ते तिथंच राहिलं."

मग मी एक चांगले, तपकिरी अंडे मागितले. कैरीची फोड त्यावर घासली. बारीक फेस आला, रंग निघाला नि खाली पांढरे कवच दिसू लागले. पोरे गोळा झाली. तुम्हीही घरी करून पाहा.

त्याचे कारण असे. अंडे तयार व्हायला कोंबडीला साधारण एक दिवस लागतो. त्यातले जवळजवळ २० तास कवच चढण्यात जातात. कवचात शेकडा सुमारे ९४ भाग चुनखडीच असते. म्हणून आंबटाने ते फेसाळते. तपकिरी रंग बहुतेक शेवटच्या काही तासांत चढतो. कोंबडी भेदरली की अंडे पोटात अडवून धरते. मग त्यावर चुन्याचा आणखी एक हात बसतो, रंग झाकला जातो, कधी खरखरीत कण धरतात. उन्हाने कोंबडी धापा टाकू लागली की ती खाते कमी, आणि कवचाला लागणारा चुनाही नीट तयार होत नाही. मग कवच पातळ पडते, कधी पडतच नाही.

आजीला म्हटले, "दोष सुनेचा नाही. ढोलाचा थोडा आणि उन्हाचा फार."

तरी रोगाची शंका फेडून घेतली. अंडे वाटीत फोडले. पांढरा बलक घट्ट होता. कोंबड्या शिंकत नव्हत्या. तुमच्याकडे कवचावर सुरकुत्या पडल्या, बलक पाण्यासारखा झाला, कोंबड्या शिंकू लागल्या, हिरवट हगू लागल्या किंवा माना वाकड्या करू लागल्या, तर वाट पाहू नका. त्यांना वेगळे ठेवा आणि पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. मानमोडीची लस मात्र रोग येण्याआधीच टोचून घ्यायची असते.

आजीला सांगितले ते तुम्हालाही सांगतो. खुराडे सावलीत ठेवा. गार पाणी दोन-तीन ठिकाणी ठेवा. दाणे सकाळी लवकर नि संध्याकाळी टाका. शिंपल्यांचा चुरा, नाहीतर अंड्यांची टरफले भाजून, बारीक करून वेगळ्या वाडग्यात ठेवा. लागेल तेवढे कोंबडी आपणच खाते. खरखरीत अंडे ताजे नि न तडकलेले असेल तर शिजवून खुशाल खा. मऊ, फुटके अंडे मात्र टाकून द्या. उबवायला गुळगुळीत, टणक अंडीच खुडूक कोंबडीखाली ठेवा.

आषाढात पुन्हा त्या पाड्यावर गेलो. खुराडे आंब्याखाली आले होते. पाऊसही झाला होता, त्यामुळे सारे श्रेय मी घेत नाही. पण अंडी स्वच्छ, तपकिरी होती. टरफलांचा वाडगा सूनच भरत होती, आणि बाजाराची दुरडी आजीने तिच्याच डोक्यावर दिली होती.

बायांनो, बंधूंनो, परसात काही वेगळे दिसले तर कोणाच्या पायगुणावर बोट ठेवण्याआधी खुराड्यात डोकावून पाहा. कारण बहुधा तिथेच सापडते.